हवेतलं भरीत

अलीकडे

प्रमिलाबाई कपाटात बसून बोलत होत्या.

भिंतीतलं कपाट, गोधड्यांचं. गोधड्या बाहेर काढल्या की खालच्या कप्प्यात एक माणूस मांडी घालून मावतो, हे त्यांना त्याच हिवाळ्यात कळलं होतं. डोक्यावर ओला टॉवेल. कानाला बिनवायरचा फोन, एरियल पूर्ण आत दाबलेली. एरियल जितकी लांब तितकं बोलणं लांब जातं, असं त्यांचं मत होतं.

"अक्का, तू मोठ्यानं बोल. मी हळूच बोलणार."

धुळ्याहून द्रौपदाबाई, त्यांची थोरली बहीण, मोठ्यानं बोलली. कपाट घुमलं.

"इतकं पण मोठ्यानं नको."

बाहेर गोधड्यांच्या ढिगाला टेकून पंडितराव पेपर वाचत होते. फोन त्यांनी हौसेनं घेतला होता. घरभर फिरत बोलावं, गच्चीवर उभं राहून बोलावं, गल्लीनं मान वर करून बघावं. बायको तो घेऊन कपाटात जाईल हे त्यांच्या स्वप्नात नव्हतं.

साल शहाण्णव. जळगावातल्या मेहरूणच्या त्या गल्लीत असे फोन दोनच. एक यांचा, दुसरा भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या लिलाबाईंचा. लिलाबाईंचा पुना नावाचा मुलगा सुरतेला कामाला होता. त्यानं आईसाठी एक आणला, पंडितरावांनी सांगितलं म्हणून त्यांच्यासाठी एक. दोन्ही एकाच खोक्यातून निघाले. तोच राखाडी रंग, तीच एरियल, तेच माहितीपुस्तक, चिनी की जपानी हे पण कोणाला सांगता येऊ नये असं. जुळी भावंडं. एकाला हाक मारली की दुसरं ओ द्यायचं.

हे कळलं ते असं. एका सकाळी प्रमिलाबाईंनी फोन उचलला तर आत पुना आईला विचारत होता, गुडघ्याला तेल लावतेस का. त्यांनी पटकन फोन ठेवला. मग परत उचलला, कारण लिलाबाई हो म्हणाल्या होत्या आणि ते साफ खोटं होतं. तेलाची बाटली गेल्या दिवाळीपासून यांच्याच घरी पडून होती.

हसू आलं. ते ओसरल्यावर घाम आला. आपल्याला तिचं ऐकू येतं, म्हणजे तिला आपलं.

आणि सुगंधाची दोन स्थळं मोडली होती.

सुगंधा एकुलती एक. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. पारोळ्याचं स्थळ सगळं जुळत आलेलं असताना अचानक थंड पडलं. मुक्ताईनगरचं तर येतो म्हणाले आणि आलेच नाहीत. दोन्ही वेळा कोणीतरी भांजी मारली होती. प्रमिलाबाईंनी फोनकडे बघितलं, मग भिंतीकडे बघितलं, आणि त्यांना भिंतीला कान फुटलेले दिसले.

आता तिसरं स्थळ येऊ घातलं होतं. धुळ्याचं. ते त्यांना हातचं जाऊ द्यायचं नव्हतं.

त्यांनी घरातल्या शिकलेल्या माणसाला विचारून बघितलं. सुगंधा साडीला इस्त्री करत होती.

"या फोनला काही करता येत नाही का गं? शेजारी ऐकू जाऊ नये असं?"

"हवेला कडी लावता येत नाही, आई," सुगंधा म्हणाली आणि साडी उलटी केली.

म्हणून कपाट.

पलीकडे

"आते कपाटमा बसनी," लिलाबाई म्हणाल्या. "आवाज घुमी राहिना."

लिलाबाईंच्या खाटेवर दोन माणसं बसलेली होती आणि फोन एकच, म्हणून दोन डोकी एकमेकांना चिकटली होती. एक डोकं पांढरं. दुसऱ्या डोक्याला लांब वेणी होती, आणि ते सुगंधाचं होतं.

यात लपवण्यासारखं काही नाही, वाचणाऱ्यापासून तर नाहीच. ती गेले कित्येक महिने इथे येऊन आपल्याच लग्नाच्या गोष्टी ऐकत होती. घरी तिला स्थळाबद्दल दोनच गोष्टी सांगायचे. मुलगा चांगला आहे, आणि केस नीट बांध.

बाकीचं हवेतून कळायचं. पारोळ्याच्या वेळी कळलं:

"लग्नानंतर नोकरी सोडायला लावतील म्हणे."

"ते तिला आत्ता नको सांगायला, अक्का. हळद लागली की सांगू."

मुक्ताईनगरच्या वेळी:

"मुलगा सोन्यासारखा. फक्त बोलत नाही."

"म्हणजे किती बोलत नाही?"

"आम्ही गेलो होतो तेव्हा तर नाही बोलला. आधीचं माहीत नाही."

"बोलेल गं. लग्न झाल्यावर बोलावंच लागतं."

दोन्ही वेळा सुगंधानं फोन ठेवला आणि लिलाबाईंना म्हणाली, "काकू, एक काम करा." लिलाबाईंचं माहेर पारोळ्याचं, मामेबहीण मुक्ताईनगरला, म्हणजे दोन्हीकडे ओळखीच्या ओळखी होत्याच. पारोळ्याला त्यांनी कळवलं की पोर गुणनी शे, पन सकायले उठत नही. मुक्ताईनगरला कळवलं की पोर फार बोलस. पुरलं.

स्वतःच्या लग्नात स्वतःच भांजी मारणारी मुलगी लिलाबाईंनी आयुष्यात बघितली नव्हती. त्यांना ते फार आवडलं होतं.

"पण आपण चोरून ऐकतो, काकू. हे काही बरं नाही," सुगंधा कधी कधी म्हणायची.

"कसानी चोरी? मी तिना घर गऊ का? तिनंच बोलनं मना घर उनं."

आणि घरच्या फोनच्या मागे, बॅटरीच्या झाकणाखाली, नखाएवढा एक खटका होता. तो सरकवला की फोन वेगळ्याच चॅनेलवर जाई. मग लिलाबाईंकडे नुसती खरखर आली असती. माहितीपुस्तक वाचता येत नसलं तरी खटका ओळखायला पुस्तक लागत नाही, निदान सुगंधाला तरी लागत नव्हतं. तिनं तो पहिल्याच दिवशी बघितला होता. आणि झाकण परत लावून टाकलं होतं.

एस.टी. स्टँडवरून

कपाटावर पण भरवसा राहिला नाही तेव्हा प्रमिलाबाई एस.टी.त बसल्या आणि धुळ्याला गेल्या. बोलायचं कसं हे ठरवायला.

धुळ्यातल्या देवपूरच्या घरी, स्वयंपाकघरात, द्रौपदाबाई मेथी निवडत होत्या. त्यांचे यजमान अभिमनभाऊ ओसरीवर कोणाला तरी कोणाची तरी गोष्ट सांगत होते. अभिमनभाऊ मनानं अतिशय चांगले. त्यांच्या पोटात काही राहत नसे, एवढंच.

"असं बोलायचं," प्रमिलाबाई म्हणाल्या, "की ऐकणारीला वाटलं पाहिजे, घरगुती चाललंय."

"मग भरीत," द्रौपदाबाई म्हणाल्या. "थंडीत दुसरं कोण काय बोलतं?"

ठरलं. भरीत म्हणजे मुलगी बघायचा कार्यक्रम. वांगी म्हणजे येणारी मंडळी. मुलाची आई मिरची, कारण द्रौपदाबाई तिला ओळखत होत्या.

"पण अक्का, हे रोटासारखं. कानबाईच्या प्रसादाचा रोट भावकीबाहेर देत नाहीत, तसं हे आपल्या दोघींच्या बाहेर नाही."

"यांना पण नाही सांगायचं?"

ओसरीवर अभिमनभाऊ हसले आणि पुढची गोष्ट सुरू झाली.

"यांना तर मुळीच नाही," प्रमिलाबाई म्हणाल्या.

हवेत

"अक्का, भरीत कधी करायचं म्हणतेस?"

"रविवारी."

"वांगी किती?"

"तीन. एक मोठं, चकचकीत. एक जून, चुलत्याचं. आणि मिरची एक."

"तिखट?"

"लवंगी."

खर्र.

"मोठं वांगं आतून कसं आहे पण?"

खर्र. इथे खरखर नव्हती, द्रौपदाबाईंनी घसा साफ केला.

"आतून बरंच आहे. एक बारीक गोष्ट आहे. समोर आली की सांगीन."

"कीड?"

"कीड नाही गं. म्हटलं ना, समोर."

पलीकडे

लिलाबाई दुखावल्या. "रविवारे भरीत शे आनी माले सांगं नही. भिंतनं नातं, आनी सांगं नही."

"काकू, हे भरीत नाही," सुगंधा म्हणाली. "भरिताचं आमंत्रण कोणी कपाटात बसून देतं का? चुलत्याचं वांगं कधी बघितलंय? मला बघायला येताहेत."

लिलाबाईंनी तोंडावर पदर घेतला आणि खांदे हलेपर्यंत हसल्या. सुगंधा हसली नाही.

आईनं अखेर कडी लावली होती. मुलगा काय करतो, कुठे राहतो, नोकरी सोडायला लावणार का, बोलतो का, काहीच कळलं नव्हतं. आतून एक बारीक गोष्ट आहे. कसली? ठाऊक नसलेल्या गोष्टीवर भांजी तरी काय मारणार? आणि रविवारी ती पोह्यांची बशी घेऊन बाहेर येणार, खाली मान घालून बसणार, चुलता विचारणार की स्वयंपाक येतो का, संपलं. मग घरचे म्हणणार, मुलगा चांगला आहे.

तिला त्या मुलाला एक प्रश्न विचारायचा होता. समोरासमोर, मध्ये कोणी नसताना. बघण्याच्या कार्यक्रमात ते होत नाही, कारण खोलीतली सगळी माणसं त्या दोघांकडेच बघत असतात.

ती खाटेवरून उठली, परत बसली.

"काकू, आई भरीत म्हणाली ना?"

"म्हननी. हवामा म्हननी. ज्यानी आयकं त्याले आवतन."

"मग गल्लीला सांगा. सगळ्या गल्लीला."

धुळे, शनिवार

फोन वाजला तेव्हा द्रौपदाबाई गिरणीवर गेल्या होत्या. अभिमनभाऊंनी उचलला.

प्रमिलाबाई कपाटात होत्या, घाईत होत्या, आणि रोट कोणाच्या घशात चाललाय याचा विचार करायला सवड नव्हती. "अक्काला सांगा, उद्याचं भरीत पक्कं. वांगी दुपारच्या आत पोचली पाहिजेत. आणि गाजावाजा नको."

"भरीत?" अभिमनभाऊंचा आवाज एकदम तरुण झाला. "किती वांगी आणू?"

"ते अक्काला ठाऊक आहे."

"तिले काय ठाऊक? तुम्ही काळजीच करू नका."

द्रौपदाबाई पीठ घेऊन परतल्या तेव्हा अंगणात वांग्यांची पोती उतरत होती. वांग्यांसाठी नावाजलेल्या जळगावला धुळ्याहून वांगी नेणारा माणूस खानदेशात दुसरा झाला नसेल. भाऊ, भावजया, त्यांची पोरं, शेजारचे दोघं, सगळ्यांना सांगून झालं होतं. मॅटॅडोर ठरली होती.

"अहो, एवढी माणसं?"

"दहा मानसं बी नही व्हयनात ते त्याले भरीत म्हनतंस का? ती ते भाजी व्हयनी."

द्रौपदाबाईंनी मनात हिशेब मांडला. खरं सांगितलं तर तासाभरात देवपूरला कळणार. नाही सांगितलं तर मॅटॅडोर जाणार. त्यांनी मॅटॅडोर निवडली. आणि स्थळाकडची जी तीन माणसं एस.टी.नं गुपचूप येणार होती त्यांना सकाळी तिच्यातच बसवलं. "ओळखीचे आहेत," त्या म्हणाल्या. "जळगावला काम आहे त्यांचं."

भरीत करण्याची रीत, आणि त्या रविवारी ती कशी मोडली

मोकळी जागा बघावी. गल्लीच्या टोकाला तलावाच्या बाजूनं आहे.

कपाशीच्या वाळलेल्या काड्या आणाव्यात. लिलाबाई आणि गल्लीतल्या बायका सकाळीच भारे घेऊन आल्या. प्रमिलाबाई दारात रांगोळी काढत होत्या, साधीच, कोणाच्या डोळ्यात भरू नये अशी. "हे काय, लिलाअक्का?" "तुमना घर भरीत शे ना?" लिलाबाई म्हणाल्या. प्रमिलाबाईंच्या हातातली रांगोळी तशीच सांडत राहिली. नाही म्हणावं तर मग काय आहे ते सांगावं लागणार होतं.

वांगी हिरवी, पांढुरकी, हाताला भरतील अशी घ्यावीत. ती मॅटॅडोरमधून उतरली. वांग्यांच्या मागून माणसं उतरली. उतरतच राहिली. सर्वांत शेवटी द्रौपदाबाई उतरल्या आणि बहिणीकडे न बघता म्हणाल्या, "मला काही विचारू नकोस."

वांग्यांना तेलाचा हात लावून जाळात टाकावीत आणि उलटत राहावीत. अभिमनभाऊ काठी घेऊन उभे राहिले. पाहुणा असो की घरचा, कोणाला बसू द्यायचं नाही हा त्यांचा भरिताचा नियम. कडेला सतरंजीवर इस्त्रीचा शर्ट घालून एक उंच तरुण बसला होता, त्याच्याजवळ त्याची आई तानुबाई आणि एक चुलता. "पाव्हना, बसी काय राहिनात? चला, वांगा उलटाडा." तरुण उठला.

जाळाच्या दुसऱ्या बाजूला चिमटा घेऊन सुगंधा बसली होती.

ठेचणं, फोडणी, कांद्याची पात, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी हे नंतर. आधी जाळ.

जाळाशी

पन्नास माणसं होती आणि त्या दोघांकडे एकजणही बघत नव्हता. कोणी मिरच्या खुडत होतं, कोणी लसूण सोलत होतं, पोरं तलावात दगड मारत होती. धूर सोयीनं मध्ये उभा होता.

"तुम्ही सुगंधा," तो म्हणाला.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"गाडीत अभिमनभाऊंनी. पारोळा येईपर्यंत तुमचं शिक्षण झालं. एरंडोलला तुमची लहानपणची कावीळ."

"तुम्ही कोण ते त्यांना माहीत आहे?"

"नाही. आई म्हणाली सांगू नकोस, तुमच्या मावशी म्हणाल्या सांगू नका. मी गप्प ऐकत राहिलो. तर म्हणाले, पोरगा गुणाचा आहे, ऐकून घेतो, याच्यासाठी कुठे मुलगी बघायला पाहिजे."

सुगंधानं चिमटा तोंडासमोर धरून हसू लपवलं.

त्याचं नाव वाल्मीक. धुळ्याला पोलिसांच्या वायरलेसवर होता. बोलता बोलता वाक्य संपलं की जरा थांबायचा, पलीकडचा बोलेल म्हणून. तिला ते बरं वाटलं. तिच्या घरात कोणी असं थांबत नव्हतं.

"मला एकच विचारायचंय," ती म्हणाली. "मला सांगायचं नाही असं तुमच्याबद्दल काय ठरलंय?"

त्याच्या काठीखालचं वांगं एका बाजूनं काळं होत गेलं.

"पाळ्या असतात. रात्रीच्या पण."

"चालेल. माझी पण संध्याकाळची बॅच असते. ती मी सोडणार नाही."

"कशाला सोडायची?"

"आणि?"

"आणखी काही नाही."

"आतून एक बारीक गोष्ट आहे म्हणे."

त्यानं मागे वळून बघितलं. तानुबाई आता सतरंजीवरून इकडे बघायला लागल्या होत्या, चेहरा लवंगी मिरचीसारखाच.

"बारीक नाही, मोठी आहे," तो म्हणाला. "मला वांगं चालत नाही."

"म्हणजे आवडत नाही?"

"चालत नाही. ओठ सुजतात. घसा धरतो. लहानपणापासून आईनं लपवलंय. लोक काय म्हणतील, खानदेशातला मुलगा आणि भरीत खात नाही. कुठे भरीत असलं की मला ताप येतो. आज आम्ही पोहे खायला येणार होतो."

सुगंधानं सभोवार बघितलं. पोतीभर वांगी. पन्नास माणसं. अभिमनभाऊ, जे कोणाच्या ताटात काय उरलं हे वाकून बघत. तिला मोठ्यानं हसावंसं वाटत होतं, पण तो हसत नव्हता. तो तिच्याकडे बघत होता, आता ही काय करते म्हणून.

"हे मला का सांगितलं?" तिनं विचारलं. "नाही म्हणून मोकळं होता आलं असतं."

"तुम्ही विचारलं म्हणून. आणि आमच्या कामात एक शिकवतात. हवेत बोललं ते सगळ्यांचं. तिथे कामापुरतं बोलायचं. गुपित असेल ते समोर बसून सांगायचं. एकालाच."

सुगंधानं एक वांगं उलटलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला तिच्या लग्नातली एक गोष्ट सांगितली गेली होती. चोरून ऐकावी लागली नव्हती.

"जेवायला बसाल तेव्हा टोकाला बसा," ती म्हणाली. "वाढायला मी येते. ठेचा सोसतो ना?"

पंगत

पत्रावळी मांडल्या. पुरुषांची पंगत आधी. वाल्मीक टोकाला बसला.

भरीत लाकडी बडगीत ठेचून, फोडणी घालून तयार होतं, हिरवट, तेल सुटलेलं, वर पात. लिलाबाईंनी घरून पातेलंभर ठेचा आणला होता, हिरव्या मिरचीचा, शेंगदाणे घातलेला. तो पण हिरवट. त्यावर सुगंधानं मूठभर कांद्याची पात आणि कोथिंबीर भुरभुरली. हातभर अंतरावरून बघितलं तर भरीतच.

"हे कोनले?" लिलाबाईंनी विचारलं.

"पाव्हण्यांना, काकू."

"इतला ठेचा?"

सुगंधानं हनुवटीनं पंगतीचं टोक दाखवलं. लिलाबाईंनी तिकडे बघितलं, सुगंधाच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि पातेलं स्वतःच्या पदराआड धरलं.

वाल्मीकनं पहिला घास घेतला. त्याचा चेहरा जागच्या जागी राहिला, हे त्याच्या नोकरीचं शिक्षण. कान मात्र लाल झाले. दुसरा घास. कपाळावर घाम. तिसऱ्या घासाला डोळे भरून आले आणि गालावरून ओघळले.

अभिमनभाऊंनी ते बघितलं. "याले म्हनतंस खानारा," ते सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाले. "दखा, डोयामा पानी उनं पोरना. इतलं आवडनं. वाढा त्याले."

सुगंधा पुढे झाली. पातेलं पदराआडून निघालं.

सतरंजीवर तानुबाईंनी हातातला तांब्या खाली ठेवला. मुलाचे ओठ सुजले नव्हते. त्यांनी पत्रावळ बघितली, वाढणारीचा हात बघितला, आणि भाकरीची टोपली घेऊन चाललेल्या द्रौपदाबाईंचा पदर ओढला. "तुमची भाची," त्या म्हणाल्या. मग पुढचे शब्द सापडेनात म्हणून परत म्हणाल्या, "तुमची भाची."

आणि दूर, चुलीशेजारी, प्रमिलाबाई पंडितरावांना सांगत होत्या, "बघा, दुसऱ्यांदा घेतलं. रडला हो खाताना. असा जावई मिळायला भाग्य लागतं."

अलीकडे, आणि पलीकडचं माणूस पण अलीकडे

मॅटॅडोर निघून गेली होती. तानुबाई जाताना म्हणाल्या होत्या, आमच्याकडून पक्कं, मुलीला विचारा. चुलत्याचं काही विचारायचं राहून गेलं होतं कारण तो अभिमनभाऊंच्या शेजारी जेवायला बसला होता. गाडीत चढताना अभिमनभाऊंना कोणीतरी सांगितलं की मुलगी बघून झाली. ते पायरीवरच थांबले. "कोनी? कवय?" मग त्यांना तो उंच पोरगा आठवला आणि ते अतिशय खूश झाले, कारण हे स्थळ आपणच सुचवलं होतं अशी त्यांची खात्री पटली.

स्वयंपाकघरात भांडी पालथी घालत प्रमिलाबाई लिलाबाईंना म्हणाल्या, "लिलाअक्का, झालं ते झालं. पाया पडते. या वेळी फोन करू नका."

"मी कसाले करसू? पोर सांगी तवयच करस मी."

"कुठली पोर?"

लिलाबाईंनी जीभ चावली. उशीर झाला होता.

"मीच, आई," सुगंधा म्हणाली. "पारोळ्याचं पण मीच. मुक्ताईनगरचं पण."

प्रमिलाबाई पाटावर बसल्या. ओल्या टॉवेलाचे, कपाटाचे, एस.टी.च्या फेरीचे दिवस त्यांच्या डोळ्यांसमोरून गेले असावेत. कोणापासून लपवलं, तर हिच्यापासून.

"का गं?"

"मला कोणी काही सांगत नव्हतं. कुठून तरी ऐकायला लागायचं."

"आणि याचं? याचं तर तुला काहीच ऐकू आलं नसेल. आम्ही इतकं..."

"नाही आलं. म्हणून मी त्याला विचारलं."

"काय विचारलंस?"

"ते आमचं दोघांचं."

प्रमिलाबाईंना राग येणार होता. पण मुलगी आमचं म्हणाली होती. त्यांनी ते दोनदा मनात म्हणून बघितलं. मग उठल्या, गोधड्यांच्या कपाटातून फोन काढला, टॉवेलानं पुसला आणि तिच्या हातात दिला.

"घे. मावशीला तूच सांग, काय ते."

सुगंधानं फोन घेतला. बोलण्याआधी तो उलटा केला, मागचं झाकण उघडलं आणि नखानं काहीतरी सरकवलं.

"काय करतेस?"

"कडी," सुगंधा म्हणाली.

हवेत, शेवटचं

त्यानंतर एका दुपारी सुगंधा फोन घेऊन गच्चीवर गेली आणि बराच वेळ खाली आली नाही. धुळ्याचा फोन होता. वाल्मीकची सकाळची पाळी सुटली होती.

प्रमिलाबाई वाटी घेऊन लिलाबाईंकडे गेल्या.

"साखर?" लिलाबाईंनी विचारलं.

"साखर."

कोणी साखर आणायला उठलं नाही. फोन खाटेवरच होता. दोन डोकी जवळ आली.

खर्र.

लिलाबाईंनी एरियल लांब केली. खर्र. प्रमिलाबाई फोन घेऊन दारात गेल्या, मग खिडकीशी, मग भिंतीला लावून बघितला. खर्र, खर्र. वर गच्चीवर सुगंधा हसली, ते साध्या कानांनी ऐकू आलं. काय बोलली ते मात्र नाही.

"हवेला कडी लावता येत नाही म्हणाली होती मला."

"शिकेल पोर शे. तिले लावनी व्हती तवय लावी."

प्रमिलाबाई खाटेवर बसल्या. "असू दे. मला काय कळायचं ते कळलंय. मुलगा भरीत आवडीनं खातो. मी तर ठरवलंय, पहिल्या सणाला आला की पाटीभर वांगी भाजायची."

लिलाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. आयुष्यभर ज्यांच्या पोटातून गोष्ट गल्लीत जायला चहा उकळण्याइतका वेळ लागला नव्हता, त्या लिलाबाईंनी.

"हाव," त्या म्हणाल्या. "भलता आवडीनं खास."

आणि चहाचं आधण ठेवायला उठल्या.